दुसऱ्या डब्याचं छत

मौजे सावरटेक येथील सरकारी प्राथमिक शाळेच्या दुसऱ्या खोलीच्या छताचा पहिला पोपडा पडला, तेव्हा वर्गात वजाबाकी चालू होती. छतानेही वजाबाकीच केली, त्यामुळे मुलांना फारसं वेगळं वाटलं नाही. पोपडा ताटाएवढा होता आणि तो तिसरीतल्या अलीजाच्या दप्तरावर पडला. दप्तरात पाटी होती, ती फुटली. सोबत ज्वारीची अर्धी भाकर होती, तिला काही झालं नाही. कारण भाकर आईने केली होती आणि छत कंत्राटदाराने.

साखरखेर्ड्याहून मेहकरकडे जाताना पाटी नसलेला एक फाटा लागतो. तिथून आत गेलं की सावरटेक. गाव चांगलं अडीचशे उंबऱ्यांचं. लेकरं भरपूर. पण ज्याच्या दारात ट्रॅक्टर, त्याची लेकरं पिवळ्या गाडीत बसून साखरखेर्ड्याच्या इंग्रजी शाळेत जातात, आणि ज्याच्या दारात ट्रॅक्टर नाही, तो पिवळ्या गाडीकडे बघून पोराच्या पाठीत धपाटा घालतो. गावच्या शाळेत उरली होती वीस मुलं आणि चारही वर्गांना मिळून एक ज्ञानेश्वर गुरुजी. पट वीसच्या खाली गेला की शाळा बंद होते, असा नियम आहे की अफवा, हे कुणालाच नक्की माहीत नव्हतं. भीती मात्र नक्की होती.

अलीजाची आई नसीमा शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होती. ती निवडून आली नव्हती, उरली होती. अध्यक्ष पालक असावा लागतो. आणि गावात ज्यांना अध्यक्ष व्हायची हौस होती, त्यांच्यापैकी एकाचंही मूल त्या शाळेत नव्हतं. नसीमाचा नवरा सईद फाट्यावर पंक्चर काढतो. पिवळ्या गाडीचं पंक्चरही तोच काढतो. त्या गाडीशी त्या घराचा एवढाच संबंध.

पोपडा पडल्यावर गुरुजींनी रीतसर अर्ज केला. वरून रीतसर उत्तर आलं. दुरुस्ती या शीर्षाखाली निधी शिल्लक नाही. सौंदर्यीकरण या शीर्षाखाली मात्र आहे, तो मार्चअखेर खर्च न झाल्यास परत जाईल आणि त्याची सर्वस्वी जबाबदारी मुख्याध्यापकांची राहील. गुरुजींनी ते नसीमाला वाचून दाखवलं.

"म्हंजे छत पडून राह्यलं, अन् आपण त्याले पावडर लावायची?" नसीमाने विचारलं.

"पावडरचे पैसे आले, बाई. औषधाचे नाई आले."

जानेफळहून आमीर पेंटर आला. आमीरने आजवर पुष्कळ रंगवलं होतं. देवळाची शिखरं, दर्ग्याची कमान, लग्नाच्या भिंती, आणि सगळ्या पक्षांची निशाणं, एकाच ब्रशने. त्याच्या मोबाइलमध्ये कुठल्यातरी शाळेचा फोटो होता, ती आगगाडीसारखी रंगवलेली. गुरुजींना तो आवडला. चार दिवसांत दोन खोल्यांचे दोन निळे डबे झाले. खिडक्यांखाली पिवळा पट्टा आला, पट्ट्याखाली चाकं आली. खिचडी शिजवायच्या टिनाच्या शेडचं इंजिन झालं, आणि खिचडी शिजू लागली की त्यातून खरोखरचा धूर निघू लागला. आतून छताला रंग द्यायचा का, असं आमीरने विचारलं होतं. गुरुजींनी थोडा विचार केला आणि छत फोटोत येत नाही, असं त्याला सांगितलं. तसा लेखी नियम नव्हता. पण गुरुजींची नोकरी वीस वर्षांची होती.

आता एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. आमच्या भागात रेल्वे नाही. बुलढाण्यात जिल्ह्याच्या गावाला लागतं ते सगळं आहे. कचेऱ्या आहेत, कोर्ट आहे, कॉलेजं आहेत, थंड हवाही आहे. रेल्वे नाही. रेल्वे आमच्याकडे निवडणुकीत येते आणि निकालाच्या दिवशी निघून जाते. पणजोबांनी मोजणीवाल्यांना पाणी पाजलं, आजोबांनी चहा पाजला, बापाने जेवू घातलं. रूळ आला नाही. अशा गावात एका सकाळी लोक उठले आणि बघतात तर गाडी उभी.

गाव लोटलं. खिचडी शिजवणाऱ्या गोजरबाईने सगळ्यांच्या आधी चाकाला हळदीकुंकू लावलं. कुणीतरी नारळ फोडला. सरपंच माणिकराव तिथे जाहीरपणे म्हणाले, की बापजाद्यांनी नुसती रेल्वे मागितली, आम्ही आणून दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांना ती भिंत आहे हे ठाऊक होतं. तरीही वाजवल्या. माणसाला एखादी गोष्ट तीन पिढ्या दिली नाही, की तो तिच्या चित्रावरही भागवतो, हे ज्याला कळलं तो सरपंच होतो.

फोटो निघाले आणि फिरले. पुण्याहून, नाशिकहून, थेट दुबईहून लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. अशी शाळा प्रत्येक गावात हवी, असं लिहिलं. शिक्षकांना सलाम केला. लग्न ठरलेली जोडपी येऊन डब्याच्या दारात उभी राहू लागली. नवरा खाली, नवरी वर, हात हातात. तेवढा वेळ मुलांनी चौकटीत येऊ नये म्हणून त्यांना शेडमागे बसवलं जाई. पुढे शाळेला सर्वात आनंददायी शाळेचा पुरस्कार मिळाला. ढाल केवढी मोठी होती म्हणता! ती ठेवायला कपाट आलं. ते कपाट, तांदळाची पोती, बंद पडलेला संगणक आणि पाहुण्यांसाठीचा सोफा मिळून पहिला डबा भरला. म्हणून चारही वर्ग दुसऱ्या डब्यात आले. छताखाली.

दुसरा पोपडा पडला तो पोपडा नव्हता, ढेप होती. ती ज्या जागेवर पडली, त्या जागेवर अलीजा बसायची. ती पाणी प्यायला उठली होती. वर गंजलेल्या सळया दिसू लागल्या. नसीमा त्या दिवशी ओरडली नाही की रडली नाही. ढेपेचा तुकडा ओढणीत बांधून गुरुजींना घेऊन ती एसटीने तालुक्याला गेली, आणि साहेबांच्या टेबलावर तो ठेवून, खुर्ची कुणी दिली नाही म्हणून उभीच राहिली. साहेबांचं टेबल मळलं. बहुधा त्यामुळेच, चौथ्या दिवशी बांधकाम खात्याचे शाखा अभियंता इंद्रभान सावरटेकला आले.

इंद्रभान वाईट माणूस नव्हता. त्याने डोक्यावर हेल्मेट ठेवून छत पाहिलं, टेप लावला, मान हलवली, आणि हे छत कधीही येईल असं स्वच्छ सांगितलं. मग त्याने मोबाइल काढला. इमारतीची माहिती आता प्रणालीत भरावी लागते आणि बांधकामाचा प्रकार प्रणाली स्वतः फोटो पाहून ठरवते. इंद्रभानने फोटो काढला. प्रणालीने चक्र फिरवलं आणि उत्तर दिलं, रेल्वे डबा.

त्याने मागून काढला. रेल्वे डबा. बाजूने काढला. रेल्वे डबा, चालू स्थितीत.

"डब्याची दुरुस्ती आमच्याकडे येत नाही," इंद्रभान म्हणाला.

"भितीले हात लावून पाहा ना साहेब. इटाची हाये."

"बाई, हात मी लावीन. प्रणालीले हात नाहीत. तिले फक्त फोटो दिसते."

"अन् तुमाले काय दिसते?"

इंद्रभानने मोबाइलवरचा तक्ता वरपासून खालपर्यंत सरकवून पाहिला. मग तो म्हणाला की त्याला जे दिसतं त्यासाठी रकाना नाही.

उपाय त्यानेच सुचवला. हा डबा आपला नाही असं रेल्वेकडून लिहून आणलं, की शाळा शिल्लक राहील. गुरुजींनी रेल्वेला लिहिलं. रेल्वेचं उत्तर वेळेवर आलं, हे या गोष्टीतलं एकमेव आश्चर्य. सदर डब्याची आमच्याकडे नोंद नाही, सदर गावात रूळ नाही, तथापि बेवारस डबा आढळला असल्यास त्याला हात लावू नये किंवा त्याच्या स्थितीत बदल करू नये, असं त्यात होतं. इंद्रभानने ते दोनदा वाचलं. नोंद नाही म्हणजे डबा नाही असं सिद्ध होत नाही, असं त्याचं मत पडलं. आपल्या खात्यात नोंद नसलेले पूल आहेत आणि पूल नसलेल्या नोंदीही आहेत. हात लावू नये हे मात्र स्पष्ट होतं.

तोवर मुलांच्या डोक्याचं काय? तर ते गोजरबाईने पाहिलं. खिचडीच्या स्टीलच्या थाळ्या शाळेत होत्याच. तिने त्या सकाळीच वाटल्या आणि मुलांना सांगितलं, की गुरुजी शिकवून राह्यले तोवर थाळी डोक्यावर धरा रे, अन् भूक लागली की खाली घ्या. वीस मुलं एका हाताने थाळी धरून दुसऱ्या हाताने लिहू लागली. केंद्रप्रमुख भेटीला आले, त्यांनी हे पाहिलं आणि ते गहिवरले. बुलढाण्याला नवोपक्रमांचं प्रदर्शन होतं. तिथे हा उपक्रम 'थाळीतून एकाग्रतेकडे' या नावाने मांडला गेला. पुढे परिपत्रक निघालं. मग ज्यांची छतं धड होती त्या शाळांमध्येही मुलं थाळ्या डोक्यावर घेऊन बसू लागली आणि गुरुजींना मार्गदर्शनाला बोलावणी येऊ लागली.

नसीमाला मात्र यातलं काही पुरेना. तिचं डोकं साधं होतं. रंगाने शाळेची गाडी झाली असेल, तर चुन्याने गाडीची शाळा होईल. एका रविवारी सकाळी ती आणि सईद बादलीभर चुना कालवून गेले. दोन खिडक्या आणि एक चाक पांढरं झालं, तोवर गाव जमा झालं. शाळेसमोरच्या पारावर तिथल्या तिथे ग्रामसभा भरली. कोरमअभावी कायम तहकूब होणाऱ्या ग्रामसभेला त्या दिवशी बसायला जागा उरली नाही.

"नसीमाभाभी," माणिकराव दुःखी आवाजात म्हणाले, "गावाले पयल्यांदा गाडी आली, अन् तुम्ही पुसून राह्यल्या? काऊन?"

"गाडी नाई ते, सरपंच. शाळा हाये. तुमचे नातू आत बसत असते तं तुमाले छत दिसलं असतं."

"माह्या नातवायचा इथी काय संबंध?"

"तेच म्हणून राह्यली मी."

पुढच्या रांगेने चपला चाचपल्या. पण कुठल्याही सभेत कुणीतरी मागून बोलतंच. मागून आवाज आला, की या लोकांना गावचं चांगलं बघवत नाही. 'हे लोक' म्हणजे पंक्चरवाले की पालक, हे त्याने सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. आमच्याकडे असलं न सांगता कळतं. बरं झालं, चुना पांढरा असतो. चुकून हिरवा असता, तर ही गोष्ट व्यंगकथेत मावली नसती.

रेल्वेच्या मालमत्तेची नासधूस केल्याबद्दल नसीमावर गुन्हा नोंदवावा, असा ठराव झाला. बीट जमादार मोटारसायकलवर आले. त्यांनी ठराव ऐकला, चाक पाहिलं आणि काढलेलं पेन परत खिशाला लावलं. ही गाडी असेल, तर गुन्हा रेल्वे पोलिसांच्या हद्दीत जातो, माझ्या नाही, असं ते म्हणाले. आणि ही शाळा असेल, तर समितीच्या अध्यक्षाने शाळेला चुना मारणं यात गुन्हा कुठला? आधी हे काय आहे ते ठरवा.

नसीमा लगेच पुढे झाली. तिच्या हाताला कोपरापर्यंत चुना होता.

"मले आत टाका, जमादार साहेब. फक्त कागदावर लिहा, की नसीमा सईदनं शाळेच्या भितीले चुना मारला. 'शाळेच्या' लिहा. मंग मी सही करते."

जमादारांनी माणिकरावांकडे पाहिलं. माणिकरावांनी ग्रामसेवकाकडे पाहिलं. ग्रामसेवकाने पेनाकडे पाहिलं. शाळा लिहिलं तर गावची गाडी जाते, गाडी लिहिलं तर बाई जमादारांच्या हद्दीतून सुटते. शेवटी गावाने मोठं मन केलं. ठराव मागे घेतला, आणि पुसलेलं चाक नसीमाच्याच हाताने परत काळं करून घेतलं. सईद बादली धरून उभा होता. दुसऱ्या दिवशी पिवळ्या गाडीचं पुढचं चाक बसलं, तेव्हा त्याचं पंक्चर त्याने नेहमीसारखंच नीट काढून दिलं. आम्ही असतो तर खिळा आतच ठेवला असता.

पावसाळा आला. छत फुगलं. झेंडावंदनाला बुलढाण्याहून मोठे साहेब येणार म्हणून सावरटेकच्या फाट्यावर कमान उभी राहिली. साहेबांना गाडीत बसून मुलांसोबत फोटो हवा होता. आत सतरंजी अंथरली, खुर्ची ठेवली. खुर्ची कुठे ठेवायची ते अध्यक्ष म्हणून नसीमाने ठरवलं. अलीजाची जागा होती तिथे.

साहेब आत आले. त्यांनी मुलांच्या गालांना हात लावला, थाळ्यांचं कौतुक केलं आणि बसता बसता त्यांचं वर लक्ष गेलं.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"छत हाये, साहेब," नसीमा म्हणाली. "बसा ना. लेकरं रोजच बसतेत."

साहेब अर्धे बसले होते. त्या अवस्थेत माणूस फार काळ राहू शकत नाही; त्याला एक तर पूर्ण बसावं लागतं किंवा उठावं लागतं. साहेब उठले. बाहेर उजेड चांगला आहे, फोटो बाहेरच घेऊ, असं ते म्हणाले. त्यांच्या मागे तहसीलचे लोक उठले, केंद्रप्रमुख उठले, माणिकराव तर दारातून आधीच बाहेर होते. एका क्षणात सगळ्या शासनाला छत दिसलं. नसीमाला वाटलं, झालं काम.

काम झालंच. साहेब कर्तव्यदक्ष होते. चौथ्या दिवशी लेखी आदेश आला आणि त्याप्रमाणे दुसऱ्या डब्याच्या दारावर लाल अक्षरांत पाटी लागली. छत धोकादायक असल्याने अभ्यागत, पदाधिकारी, अधिकारी व पालक यांनी आत प्रवेश करू नये. वर्ग नियमित सुरू राहतील.

गुरुजी या चौघांपैकी कुणीच नव्हते, पण प्रौढ होते. आदेशाचा आत्मा ओळखून ते उंबऱ्यात उभे राहून शिकवू लागले. मधल्या काळात त्यांनी मुलांना बाहेर लिंबाखाली बसवूनही पाहिलं होतं. पण गाडी पाहायला आलेल्या मंडळींनी तक्रार केली, की खिडक्या रिकाम्या दिसतात, मजा येत नाही. वरून फोन आला. मुलं परत आत गेली. खिडकीतून हात हलवायचं काम पाळीपाळीने वाटून दिलं.

पाटी वाचून नसीमा सरळ आत गेली आणि अलीजाशेजारी मांडी घालून बसली. गुरुजी उंबऱ्यातून बघत राहिले. त्यांचा आवाज खाली आला.

"बाई, बाहेर या. पालकांले बंदी हाये. तुमच्याच जिवासाठी हाये ते."

"अन् हिच्या जिवासाठी काय लिहून आलं, गुरुजी?"

गुरुजींनी पाटीकडे पाहिलं. पाटी त्यांनीच लावली होती, त्यांना ती पाठ होती, तरी त्यांनी ती पुन्हा पहिल्यापासून वाचली. लहान मुलांना वाचायला शिकवणाऱ्या माणसाने इतक्या सावकाश काही वाचलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. शेवटच्या ओळीशी ते थांबले.

नसीमाने अलीजाचं दप्तर उचललं, तिच्या डोक्यावरची थाळी काढून गोजरबाईच्या हातात दिली आणि पोरीचा हात धरून ती दाराबाहेर पडली. गुरुजी चार पावलं मागे आले. एक पोर गेली तरी पट खाली येईल, शाळा जाईल, बाकीच्या एकोणीस जणांनी कुठे जायचं, हे त्यांनी कळवळून सांगितलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

नसीमा थांबली. "गुरुजी, तुमचे वीसचे एकोणीस होतीन. माह्या घरी एकच हाये. तिची वजाबाकी मले येत नाई."

अहवालात लिहिलं गेलं, पालकांच्या उदासीनतेमुळे पट घटला. गावात म्हटलं गेलं, नसीमाने शाळा बुडवली. ज्यांची मुलं पिवळ्या गाडीत जात होती, त्यांना गावची शाळा बुडाल्याचं सर्वात जास्त दुःख झालं. पुढच्या महिन्याभरात बाकीचे पालकही हळूहळू उदासीन झाले. कुणी मामाच्या गावी पाठवलं, कुणी शेळ्यांमागे. चार मुलं राहिली, ती पहिल्या डब्यात तांदळाच्या पोत्यांमध्ये मावली. दुसरा डबा रिकामा झाला.

रिकाम्या खिडक्या पुन्हा वाईट दिसू लागल्या. सौंदर्यीकरणाचे यंदाचे थोडे पैसे उरले होते आणि पुन्हा मार्च आला होता. आमीर पेंटरने खिडक्या विटांनी बुजवून घेतल्या आणि प्रत्येक खिडकीत चार-चार मुलं काढली. गोरी, गुटगुटीत, टाय घातलेली, हसणारी. ती मस्ती करत नव्हती, पाणी प्यायला उठत नव्हती, थाळी मागत नव्हती. हजेरी आता फोटोवरून लागते. गुरुजींनी रिवाजाप्रमाणे सकाळी मोबाइल धरला. प्रणालीने चक्र फिरवलं, चेहरे मोजले आणि पट अठ्ठावीस दाखवला. उपस्थिती शंभर टक्के. आजारी कोणी नाही, शेतावर कोणी नाही, स्थलांतरित कोणी नाही. राज्यात असं उदाहरण नव्हतं. अभिनंदनाचं पत्र आलं आणि पट वाढल्यामुळे सावरटेकला दुसरा शिक्षक मंजूर झाला. तो पंधरा वर्षं मागूनही मिळाला नव्हता.

श्रावणातल्या एका दुपारी दुसऱ्या डब्याचं छत पूर्ण खाली आलं. गुरुजींनी तातडीने कळवलं. वर नोंद झाली ती अशी. छत कोसळले. जीवितहानी नाही. त्या दिवशीची उपस्थिती शंभर टक्के.

बाहेरून काही कळत नाही. भिंती उभ्या आहेत, चाकं आहेत, पोरं हसतायत. फोटो अजूनही चांगला येतो.

अलीजा आता शेजारच्या खेड्यातल्या शाळेत जाते. सईद तिला सायकलवर सोडतो आणि मग फाट्यावर दुकान उघडतो. पहिल्या दिवशी नसीमाही गेली होती. फाटकातच तिने तिथल्या मॅडमना एकच प्रश्न विचारला, छत कसं हाये? मॅडमना तो प्रश्न कळला नाही. त्यांनी उत्साहाने सांगितलं, की आमची शाळा यंदा निवडली गेली आहे, आम्ही तिचं विमान करतोय. बाजूच्या भिंतीवर शिडी लागलेली होती आणि कुणी पेंटर पंखाची रेघ ओढत होता.

अलीजा वर्गात गेली. बाकीची मुलं फळ्याकडे बघत होती. ती आधी वर बघत राहिली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, तोंड किंचित उघडं, डोळे मोठे. तेवढ्यात विमान पाहायला आलेल्या कोणा पाहुण्याने तिचा फोटो काढला. चांगला आला. ती कोणाची ते मॅडमना विचारून त्याने खाली लिहिलं, पंक्चर काढणाऱ्याची लेक, पण नजर आकाशाकडे.

तुमच्याकडेही आला असेल तो. तुम्ही त्याला लाल बदाम पाठवलात आणि पुढे ढकललात.

ती छत बघत होती.